मायच्या टाचा

मोताळ्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. पार्लर म्हणजे एक खोली, एक फिरती खुर्ची, एक आरसा आणि फळीवर ओळीनं लावलेल्या तेलाच्या बाटल्या. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांवरच्या बाया भाजीच्या पिशव्या दारात टेकवून आत येतात आणि विचारतात, “काय वं, गोरं व्हायचं तेल हाय का तुह्याजवळ?” मी सांगते, तसं तेल असतं तर पहिली बाटली मीच प्याले असते. मग त्या हसतात, पंख्याखाली बसतात आणि भुवया कोरून घेता घेता घरची सगळी गाऱ्हाणी सांगून मोकळ्या होतात.

माझा जीव तेलात आहे. क्रीमच्या डब्या ठेवते, कारण गिऱ्हाईक मागतं. पण मनापासून हात जातो तो तेलाकडेच. केसांना खोबरेल, अंगाला तीळ, भुवयांना एरंडेल, हिवाळ्यात फुटलेल्या गालांना बोटभर करडई. यातलं निम्मं मी नांदुऱ्याच्या एका पार्लरमध्ये वर्षभर राबून शिकले, थोडं मोबाइलवर पाहिलं आणि उरलेलं माझ्या डोक्यातून काढलं. या शेवटच्या भागानेच माझा घात केला, ते पुढे येईलच.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मी तापट आहे. माझ्या नाकावर माशी बसत नाही, हे मायनं गावात घरोघर सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे मला पाहायला येणाऱ्यांना काही विचारावंच लागत नसे.

गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची, माझ्या मोठ्या भावाच्या लग्नाची. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. गावाहून मोताळ्याला रोज स्कूटीवर ये-जा करायची. घरात माय, बाबा, भाऊ आणि मी. काळं रान, एक बैलजोडी, कापूस आणि सोयाबीन. भावाला नांदुऱ्याकडची मुलगी पसंत पडली, वैशाखातली तारीख निघाली आणि सगळं घर खुशीत होतं. फक्त माय गप्प गप्प असायची. मला वाटलं, सून येणार म्हणून जरा हबकली असेल.

लग्नाला महिना-सव्वा महिना होता. एका संध्याकाळी तांदळाच्या कोठीमागे मला एक प्लास्टिकची पिशवी सापडली. आत मोजे होते. कातडीच्या रंगाचे, अंगठा वेगळा असलेले, तीन जोड. आमच्याकडे वैशाखात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि या बाईनं बाजारातून मोजे आणून लपवून ठेवलेले.

“माय, हे काय वं?”

तिनं येऊन पिशवी हिसकावली. “ठेव तिथी. माहे हायेत.”

“कायले?”

“लग्नात घालाले.”

“इतल्या उन्हात? बह्याड झाली का तू?”

तिनं पिशवी पदराखाली घातली. मी ऐकून घेणाऱ्यातली नाही, पिच्छाच पुरवला. तेव्हा कुठे तिनं सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी ती गावातल्या बायांबरोबर धामणगाव बढ्याला एका लग्नाला गेली होती. तिथे मांडवात भिंतीएवढा पडदा लावलेला, कॅमेऱ्यातलं सगळं त्याच्यावर दिसत होतं. आमच्याकडे लग्न लागलं की मुलीची आई मुलाच्या आईचे पाय धुते. वरमायचा तो मान असतो. पाट मांडतात, परात ठेवतात, कुंकू लावतात, नवं लुगडं देतात. तिथेही वरमाय पाटावर उभी राहिली, पाय परातीत ठेवले आणि कॅमेरेवाल्यानं नेमका तिच्या टाचांवर कॅमेरा नेला. पडद्यावर टाचा खाटेएवढ्या झाल्या. भेगाच भेगा. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, ‘यंदा पाऊस नाई पडला वाटते तिकडे,’ आणि अख्खी रांग खिदळली.

“मी बी हासली पोरी,” माय म्हणाली. “अन् मंग घरी येऊन माह्या टाचा पाह्यल्या.”

मी वाकले आणि तिच्या लुगड्याचा काठ वर केला. तिनं पाय मागे ओढला, पण तोवर मी पाहिलं होतं. काळ्या मातीनं भरलेल्या भेगा, काही इतक्या खोल की आत लाल दिसत होतं. जन्मभर कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं, आणि चप्पल ढेकळांत अडकते म्हणून बांधावर काढून ठेवली. मोताळ्यात मी परक्या बायांचे पाय मांडीवर घेऊन घासत होते, आणि ज्या घरात रोज दोन वेळा जेवत होते तिथले हे पाय मी एकदाही पाहिले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

“आजपासून तुह्या टाचा माह्या ताब्यात,” मी ओरडूनच सांगितलं. “अन् हे मोजे मी चुलीत घालतो!”

आवाज ऐकून बाबा गोठ्यातून आले. काय झालं ते ऐकलं आणि म्हणाले, “भेगाच हायेत ना? दोन थेंब बिब्बा लावा, बस.”

बाबांचं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, बिब्बा. डोंगराकडच्या जंगलातलं ते काळं फळ. तापवलं की त्यातून काळंकुट्ट तेल गळतं. पायात काटा मोडला, बिब्बा. बैलाचं खूर दुखलं, बिब्बा. राकट कातडीला तो चालतो. पण नाजूक जागी लागला तर तिथे सूज, खाज आणि फोड येतात. त्याला आमच्याकडे बिब्बा उतला म्हणतात. मी म्हटलं, “बाबा, तुमचा बिब्बा बैलापाशीच राहू द्या.”

माय मात्र बाबांकडे वळली. इतके दिवस आत साठवलेलं एकदम बाहेर आलं. “पोळ्याच्या आदल्या रोजी तुम्ही बैलाचे खांदे तेल-हळद लावून मळता. हात जोडून म्हणता, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ मले कधी देल्लं हो आवतन?”

बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “तू त रोजच जेवते.”

भाऊ हसत हसत अंगणात पळाला. मायसुद्धा हसली, पण तोंडावर पदर घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. तिळाचं तेल आणि एरंडेल सारखं घेतलं, त्यात कडुनिंबाचा पाला उकळून गाळला, आणि भावानं बांधावरच्या झाडावरून मधाच्या पोळ्याचं मेण आणून दिलं ते त्यात वितळवलं. गार झालं की त्याचं छान मऊ मलम झालं. संध्याकाळी पार्लर बंद करून आले की अंगणात बादलीभर कोमट पाणी, मूठभर मीठ आणि टाचा घासायची वजरी घेऊन बसायचं.

पहिल्या दिवशी झटापटच झाली. “लेकीच्या मांडीवर पाय ठेवू? पाप लागन मले!” माय म्हणत होती. मी म्हटलं, लागलं तर माझ्या नावावर लाव, माझ्याकडे जागा आहे. शेवटी तिनं पाय दिले, पण मान दुसरीकडे वळवून, जणू ते पाय तिचे नव्हतेच. मी पाय भिजवले, हलक्या हातानं घासले, पुसले आणि भेगांत मलम भरून वर जुन्या सुती लुगड्याची पट्टी बांधली. सकाळी उठून पाहते तर पट्ट्या सोडलेल्या आणि बाई अनवाणी शेतात गेलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्कूटी काढली, शेत गाठलं आणि बांधावरून ओरडले. शेजारच्या शेतातल्या बाया कमरेवर हात ठेवून तमाशा पाहत होत्या. मायनं मुकाट्यानं चप्पल घातली. दुपारी बाबांनी मला सांगितलं की मी गेल्याबरोबर तिनं ती परत काढली होती.

पण आठवड्याभरात रंग पालटला. भेगांच्या कडा मऊ पडल्या, रात्री अंथरुणात टाचा अडकायच्या थांबल्या, आणि एके सकाळी मी स्कूटीला किक मारत होते तर माय दारात येऊन म्हणाली, “आज लवकर येशीन का?” मला कळलं, तिला चटक लागली. त्यानंतर चप्पलही पायात राहू लागली आणि संध्याकाळचा तो अर्धा तास आम्हा दोघींचा झाला. ती भिंतीला टेकून बसायची, पाय माझ्या मांडीवर, आणि एकेका भेगेची हकीकत सांगायची. “हे उजव्या पायाची मोठी, हे तू पोटात होती तवाची. नवव्या महिन्यापर्यंत वेचणी केली मी.” मी तेलाचं बोट त्या भेगेवरून फिरवत राहायची. मग तीच म्हणायची, “जोरात दाब नं. बाहेरच्या बायाइले असंच हळू हळू करते का?”

टाचा सुधारल्या तशी माझ्या डोक्यात हवा गेली. वाटलं, आता नवरीसाठी तेल करू. होणाऱ्या वहिनीच्या चेहऱ्यासाठी एक खास तेल, आपल्या हातचं, लग्नाआधी आठ दिवस लावायला. नांदुऱ्याकडच्या पाहुण्यांनाही कळू दे की नवऱ्याची बहीण काय चीज आहे. मोबाइलवर एका बाईनं सांगितलं होतं की अस्सल तेल लोखंडाच्या भांड्यातच होतं. घरात सगळी भांडी स्टीलची नाहीतर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. शोधता शोधता गोठ्यात खुंटीला टांगलेली एक छोटी कढई दिसली. लोखंडी, जुनी, आतून काळीभोर, चांगली तेल प्यालेली. मला तर घबाडच सापडलं. राखेनं घासली, तिळाचं तेल ओतलं, हळकुंड ठेचून टाकलं, ज्येष्ठमध टाकला आणि मंद आचेवर उकळलं. रंग असा सोनेरी आला की बस. एक बाटली नवरीची, एक माझी. नवरीची बाटली बाबांच्या पिशवीत घातली, कारण दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं ते पत्रिका घेऊन नांदुऱ्याला जाणार होते. माझ्या बाटलीतलं झोपताना तोंडाला चोळलं.

सकाळी तोंड खाजत होतं. म्हटलं, उन्हाळा आहे. दहाच्या सुमारास खाज वाढली, म्हटलं, तेल काम करून राहिलं. दुपारी पार्लरचा आरसा पाहिला तर डोळ्यांच्या जागी दोन फटी आणि गाल पुरीसारखे फुगलेले. आरशातली बाई कोण, ते ओळखायला मला दोन क्षण लागले. गिऱ्हाईक सोडून, स्कार्फ बांधून, अर्ध्या डोळ्यांनी मी घरी आले.

मायनं स्कार्फ बाजूला करून एकदाच पाहिलं. “बिब्बा उतला.”

“मी बिब्ब्याले हात बी नाई लावला!”

“तेल कशात काढलं?”

“गोठ्यातल्या कढईत.”

मायनं कपाळावर हात मारला. “अवं, तुह्या बाबाची बिब्ब्याची कढई हाय ते! बैलाच्या खुराले त्याच्यातच तापोते.” आणि मग तिचा चेहराच उतरला. “दुसरी बाटली कुठी हाय?”

बाटली बाबांच्या पिशवीत होती आणि बाबा फाट्यावर बसची वाट पाहत होते. त्यांचा मोबाइल नेहमीप्रमाणे घरी चार्जिंगला. मला दिसत होतं अर्धंच, पण स्कूटी मीच चालवली. माय मागे बसून सांगत होती, “डावीकडं, डावीकडं, म्हैस हाय!” जन्मात स्कूटीवर न बसलेली ती बाई, एका हातानं माझा खांदा आणि दुसऱ्या हातानं देवाचं नाव धरून बसलेली. फाट्यावर पोचलो तेव्हा बस लागलेली होती आणि बाबांचा एक पाय पायरीवर होता.

“उतरा!” माय ओरडली. “उतरा आधी!”

बाबा उतरले. कंडक्टर, ड्रायव्हर आणि खिडक्यांतली सगळी तोंडं आमच्याकडे. मायनं पिशवी ओढून बाटली काढून घेतली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मायला विचारलं, “हे कोन हाय?”

“तुमचीच लेक हाय. अन् हे तुमची कढई हाय!” असं म्हणून मायनं माझ्या तोंडाकडे बोट केलं. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढीच हसलेही. ती बाटली नांदुऱ्याला पोचली असती आणि लग्नाच्या तोंडावर नवरीचा चेहरा असा झाला असता तर काय झालं असतं, हे मनात आलं की अजूनही मी तेल काढायच्या आधी कढई दोनदा हुंगून पाहते.

बाबांना वाईट वाटलं. कढई त्यांची, म्हणून चूकही त्यांनी आपल्याकडे घेतली आणि तीळ वाटून स्वतः माझ्या तोंडाला लावले. बिब्ब्यावर तीळ आणि खोबरं हाच उतारा. खायलाही तेच आणि लावायलाही तेच. “तिळाचं तेल होतं म्हणून वाचली,” ते म्हणाले. “दुसरं असतं त फोड आले असते.” मोताळ्याच्या डॉक्टरांनीही गोळ्या दिल्या आणि कसंबसं हसू दाबलं. भाऊ मला आठवडाभर नवरी म्हणत होता, कारण तोंड झाकून बसायचा मान आता मला मिळाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर अख्खं तोंड दाखवलं होतं. कढई मात्र मी अंगणात आपटली. तिला काही झालं नाही, ती अजून गोठ्यात आहे.

लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत सूज उतरली, पण गालांवर आणि कपाळावर काळपट चट्टे राहिले, आणि वरची कातडी बटाट्याच्या सालीसारखी निघत होती. जगाच्या तोंडाला तेल लावणारी मी, माझंच तोंड असं. मी ठरवलं की लग्नात स्कार्फ बांधूनच राहायचं. उन्हाचं निमित्त सांगायचं. फोटोत उभं राहायचंच नाही.

संध्याकाळी अंगणात मायच्या टाचांना शेवटचं तेल लावत होते. टाचा आता खरंच सुंदर दिसत होत्या. भेगांच्या जागी फक्त बारीक रेघा. मी विचारलं, “झालं ना मनासारखं? आता मोजे नाई ना घालत?”

“घालतो,” ती म्हणाली.

“काऊन?”

“ज्याइनं इतले वर्स पाय पाह्यले, त्याइले एका दिवसात नवे पाय दाखवाची लाज वाटते.”

मी चिडले. इतके दिवस मेहनत केली ती मोज्यात घालायला? ती शांतपणे म्हणाली, “अन् तू स्कार्फ कायले बांधते मंग?”

मी गालावरची एक साल ओढून काढली.

“असं कर,” माय म्हणाली. “तू स्कार्फ काढ, मी मोजे काढतो.”

“सगळे विचारतीन, तोंडाले काय झालं म्हणून.”

“विचारू दे. सांग, बिब्बा उतला. कोनाच्या घरी उतला नाई?”

सौदा ठरला. पण मी मायची लेक आहे, माझ्यावर तिचा भरवसा नव्हता आणि माझा तिच्यावर नव्हता. दोघीही एकमेकींच्या पिशव्या तपासून झोपलो.

नांदुऱ्याच्या मंगल कार्यालयात वऱ्हाड उतरलं तेव्हा मी उघड्या तोंडानं उतरले. पहिल्या पंधरा मिनिटांत चौदा जणींनी विचारलं. चौदा वेळा सांगितलं, आणि मग जिला तिला स्वतःच्या घरचा बिब्बा आठवू लागला. कोणाच्या सासऱ्याला उतला होता, कोणाच्या भावाला उतू नये तिथे उतला होता. तासाभरात माझे चट्टे विसरून सगळ्या पोट धरून हसत होत्या. मी उगाच आठ दिवस जीव जाळला.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. आणि पाट मांडला गेला. भिंतीवर पडदा होताच, धामणगावपेक्षाही मोठा. माय पाटावर आली, लुगड्याचा काठ दोन बोटं वर उचलला आणि परातीत पाय ठेवले. अनवाणी. कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली नेला आणि पडद्यावर माझ्या मायच्या टाचा आल्या. स्वच्छ, तेलानं तुकतुकीत. मी बाबांचा हात घट्ट धरला. बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, “हे आपलीच ना वं?” शेजारच्या बाया हसल्या, पण ती थट्टा नव्हती. मागून कोणीतरी विचारलंही, “कोन्तं तेल लावलं हो?” माय जराशी ताठ झाली.

वहिनीची आई पाय धुवायला खाली बसली. सावळी, किडकिडीत बाई, मायच्याच वयाची, तीही शेतात राबणारी. ती तांब्यानं पाणी घालत होती आणि परातीबाहेर सांडलेलं पाणी हळूहळू तिच्या तळव्याशी साचत होतं. तेव्हा मला दिसलं, आणि त्याच वेळी मायलाही. विहीणबाईंच्या पायात मोजे होते. कातडीच्या रंगाचे, अंगठा वेगळा असलेले.

मोजे चिंब भिजले. कोणीतरी म्हणालं, “मावशी, मोजे काढा नं, ओले झाले.” बाई घाबरून म्हणाल्या, “राहू द्या, राहू द्या, वाळतीन.” त्यांनी काठ खाली ओढला आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली. मी मायकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. महिनाभर ती स्वतः ज्या भीतीत होती ती तिला समोर बसलेली दिसत होती.

कुंकू लावून झालं, लुगडं दिलं, फोटो निघाले. माय पाटावरून उतरली आणि विहीणबाईंचा दंड धरून म्हणाली, “चला, मले नवरीची खोली दाखवा.” मला डोळ्यानं खूण केली. माझ्या पर्समध्ये मलमाची डबी असतेच.

खोलीत शिरल्यावर मायनं कडी लावली. “बसा खुर्चीवर.” विहीणबाई बसल्या. माय त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली, नवं लुगडं नेसलेली वरमाय, आणि तिनं त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

“अवं माय! अशा काय करता?” बाई उठूच लागल्या. “तुम्ही वरमाय. माह्या पायाले हात लावता का?”

“आता तुम्ही माह्या लावला, तवा मी काई म्हटलं का? बसा.”

मायनं मोजा सोलून काढला. टाच पाहिली. तिची होती त्याहून वाईट होती. बाईंनी डोळे मिटून घेतले. “तुमच्या टाचा पडद्यावर पाह्यल्या,” त्या पुटपुटल्या. “म्हटलं, पोरगी कोन्त्या मोठ्या घरात देल्ली मी. आपले असे पाय पाहून तिले उद्या कोनी बोलू नाई.”

“कायचं मोठं घर?” माय म्हणाली. “महिनाभरापहिले माह्या बी अशाच होत्या. ह्या पोट्टीनं घासल्या.” मग मी दुसऱ्या बाजूला बसले आणि दुसरा पाय घेतला. मलम बोटावर घेऊन माय एकेक भेग भरत होती, मी शिकवलं होतं अगदी तसंच, कडेकडून आत. बाहेर जेवणाची पंगत बसत होती आणि विहिणींना बोलावणं येत होतं. कोणीतरी कडी वाजवली. माय ओरडली, “थांबा!” तिचा आवाज माझ्यासारखा झाला होता.

शेवटची भेग भरून झाली तेव्हा मायनं दोन्ही टाचांवर तळहात ठेवले, मग हात जोडले आणि गंभीर तोंड करून म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

विहीणबाईंनी आधी डोळे वटारले. मग पोळ्यातल्या बैलासारखी मान डोलावली. आणि दोघी अशा हसल्या, अशा हसल्या की हसता हसता रडूच लागल्या. मीही रडले, आणि या वेळी मला राग आला नाही.

ओले मोजे परत घालणं शक्य नव्हतं. बाईंनी विचारलं, “कोनाजवळ कोल्लं, वाळलेलं फडकं हाय का, गुंडाळाले?” माय थोडी अडखळली. मग कमरेची चंची सोडली आणि आतून मोज्यांचा एक नवाकोरा जोड काढला. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. पिशवी मी तपासली होती, चंची राहिली होती. तिनं माझी नजर चुकवली. तो जोड तिनं विहीणबाईंपुढे केला, त्यांनी हातही पुढे केला, आणि तेवढ्यात मायनं हात मागे घेतला. त्या नव्या मोज्यांना तिनं आपले तेलाचे हात पुसले, सावकाश, एकेक बोट, आणि तो जोड कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“चला,” ती म्हणाली. “भूक लागली.”

माझ्या पर्सच्या तळाशी स्कार्फ होता. मी तो काढला आणि माझे हातही त्यालाच पुसले.

दोघी विहिणी हातात हात घालून अनवाणी पंगतीकडे निघाल्या. दारातून बाहेर पडताना वहिनीची आई क्षणभर थांबली आणि मायला म्हणाली, “खरं सांगू? कालपासून मले पोरगी पाठवाचं भेव वाटत होतं. आता नाई वाटत.”